तारप्याला पाठ करून नाचायला सांगू नका

प्रति,
पर्यटन विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या डोंगरांत रिसॉर्ट, फार्महाउस, कॅम्प चालवणारे सर्व मालक-चालक यांस,

जोहार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जव्हार तालुक्यातला एक पाडा, चाळीसेक घरं, पहिली ते चौथीचे वर्ग. मी स्वतः वारली आहे. आमचा तारप्याचा नाच, आमची चित्रं आणि आमचं पाणी आम्हाला न विचारता पाहुण्यांसाठी वापरलं जातं, त्याबद्दल हे पत्र आहे. ते जाहीर लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे ते एका माणसाबद्दल किंवा एका रिसॉर्टबद्दल नाही. कुणाचं नाव घेणार नाही. आपल्यापैकी अनेकांना यात स्वतःच्या अंगणाचा कोपरा दिसेल, तेवढं पुरे.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेत एक मॅनेजर आले. भले गृहस्थ आहेत, मुलांसाठी नेहमी बिस्किटं आणतात. म्हणाले, "मॅडम, थर्टी फर्स्टला बारा मुली द्या. लुगडी आम्ही आणू. तासाभराचा तर नाच आहे, जेवण देऊ, गाडीनं आणून सोडू." मी नाही म्हणाले. मुली नऊ-दहा वर्षांच्या, रात्री अकराचा कार्यक्रम, समोर दारू पिणारी मंडळी. नाही म्हणायला याहून जास्त कारण लागू नये. मॅनेजर रागावले नाहीत. फक्त शाळेच्या मागं उभ्या असलेल्या पाण्याच्या दोन काळ्या टाक्यांकडे बघून म्हणाले, "बघा, आपलं एकमेकांवर चालतं."

त्या टाक्या त्यांच्याच मालकांनी दिलेल्या. वर्गातला टीव्हीही त्यांचाच. टाक्या आल्या त्या दिवशी आम्ही नारळ फोडला होता, फोटो काढले होते, मीच आभार मानले होते. आमच्याकडे पावसाळ्यात डोंगर वाहून जाईल इतकं पाणी पडतं आणि एप्रिल उजाडला की बायका हंडा घेऊन दरीत उतरतात. अशा ठिकाणी टाकी देणाऱ्या माणसाला नकार देणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मला तीन फोन आले. तिन्ही आमच्याच माणसांचे. कुणी धमकी दिली नाही. सगळे समजावत होते.

मुली गेल्या नाहीत. पण पुढच्या पाड्यावरच्या गेल्या.

आता नाचाबद्दल, कारण आपल्या जाहिरातींत सगळ्यात मोठा फोटो त्याचाच असतो. तारपा वाजवणारा मधे असतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य, वाजवायला छातीत दम लागतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात, तो वळेल तसे वळतात. पुढचा घुंगरूकाठी आपटतो. साखळी गोगलगाईच्या पाठीसारखी आत-आत जाते आणि पुन्हा उलगडते. यात एकच गोष्ट लहानपणापासून अंगात भिनलेली असते, तारप्याला पाठ दाखवायची नाही. समोर कोण बसलंय, कोण बघतंय, याचा त्या नाचाशी संबंध नाही, कारण त्याला समोरची बाजूच नाही.

रिसॉर्टच्या लॉनवर काय होतं? खुर्च्या एका बाजूला, दिवे एका बाजूला, साउंडवाला एका बाजूला. मग कुणीतरी सांगतो, "इकडे तोंड करा, लाइनीत या, हसा." तारपकरी कोपऱ्यात जातो आणि पोरं त्याच्याकडे पाठ करून पाहुण्यांकडे बघत पाय हलवतात. दहा मिनिटांनी स्पीकरवर कोळीगीत लावतात आणि पाहुणे उठून साखळीत घुसतात. हे मी स्वतः उभं राहून पाहिलं आहे. आमचे म्हातारे तारपकरी त्या रात्री घरी येताना काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी खळ्यावर बसले असताना म्हणाले, "पैसा नको असं नाही. पण मला भिंतीकडं लावून ठेवतात."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. पैसा त्यांना हवाच आहे. त्यांचं वय झालंय, गुडघे गेलेत, शेत पाऊण एकर. म्हणून मला कुणी असं सांगू नये की ही शिक्षिका पर्यटनाला विरोध करते. मी विचारते आहे ते एवढंच: वाजवायचं कधी, कुठं, कुणासमोर, किती वेळ, केवढ्याला, आणि कधी वाजवायचं नाही, हे ठरवतं कोण?

तारप्याचे दिवस म्हणजे भात पिकण्याचे, कापणीचे, वाघबारशीचे दिवस. रान भरलेलं असतं, माणसं घरी असतात. आपला सीझन त्यानंतर सुरू होतो. थंडी पडली, शाळांना सुट्ट्या लागल्या, मुंबई-नाशिक-ठाण्याच्या गाड्या घाट चढायला लागल्या की. आणि नेमकं तेव्हाच आमचा पाडा रिकामा झालेला असतो. दिवाळी झाली की माणसं जगायला जातात. हा शब्द आपण ऐकला असेल, नसेल तर ऐका. आमच्याकडे कामासाठी बाहेर पडण्याला 'जगायला जाणं' म्हणतात. वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्या, रेतीची कामं, इमारतींची कामं. पावसाळ्यात घेतलेला बयाणा फेडायला नवरा-बायको-पोरं जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. माझ्या पटावर अठ्ठावीस मुलं आहेत, जानेवारीत वर्गात चौदा बसतात. मग आपल्याला नाचायला मिळतात कोण? म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. फोटोत जे 'नांदतं आदिवासी गाव' दिसतं ते त्या महिन्यांत अर्धं भट्टीवर असतं.

आता दराचं. पथकाचा दर आम्ही ठरवत नाही. रिसॉर्ट एजंटला सांगतं, एजंट पथकाला सांगतो. एजंट आमचाच मुलगा आहे, बारावी झालेला, मोटरसायकल आहे, मराठी-हिंदी बोलतो. तो वाईट नाही, त्यालाही दुसरं काम नाही. पाहुण्याकडून काय घेतलं आणि रिंगणात नाचणाऱ्या बाईच्या हातात काय पडलं यातलं अंतर मात्र मला माहीत आहे. बाईच्या हातात पुरुषापेक्षा कमी पडतं हेही लिहून ठेवते, कारण ते आमचंच पाप आहे. आपल्या माथी मारून चालणार नाही.

माझ्या आईचे वडील डहाणूकडचे. जंगल आणि गवताच्या राज्यात वाढलेले. तेव्हा जमीनदारानं बोलावलं की जायचं, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी कर्ज काढलं तर आयुष्यभर शेठच्या दारात राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५च्या मे महिन्यात झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात गवतकापणीचा संप झाला. मागणी काय होती? पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं गेली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांचं नाव त्या लढ्यासाठी सगळा महाराष्ट्र घेतो आणि ते योग्यच आहे. आजोबा मात्र ती गोष्ट सांगताना अडीच रुपयांवर थांबायचे. म्हणायचे, "दर आम्ही बोललो. पहिल्यांदा आम्ही बोललो." रकमेपेक्षा ते बोलणं त्यांना मोठं वाटायचं. मला लहानपणी हे कळायचं नाही. एजंट फोनवर आमच्या पथकाचा दर सांगतो तेव्हा कळतं.

जमिनीबद्दल मी फार लिहिणार नाही, ते वकिलांनी लिहावं. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकत, गहाण किंवा भाडेपट्ट्यानं परवानगीशिवाय देता येत नाही. १९७४पासून हे बंधन आहे. तरीही आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला, झऱ्याच्या तोंडाशी, पोहण्याचा तलाव झाला. सातबारा आमच्यातल्या एकाच्या नावावर आहे आणि तो माणूस त्याच गेटवर वॉचमन आहे. झरा वरून फिरवल्यामुळे खालच्या सहा घरांचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप त्या वर्षी हातानं पाणी घालून जगवावं लागलं. एवढंच सांगते.

चौकाबद्दल, म्हणजे लग्नात भिंतीवर येणाऱ्या देवीच्या चित्राबद्दल, मात्र सविस्तर लिहीन, कारण त्याची मला लाज वाटते आणि रागही येतो.

आमच्यात लग्नाचा चौक काढत नाहीत, लिहितात. भिंत शेणामातीनं आणि गेरूनं सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, काडीचं टोक चावून कुंचला करायचा आणि सवाशिणींनी लिहायचं. लग्न लावणारी बाई, धवलेरी, गात असते. चौकाच्या आत पालघट देवी येते, म्हणून लग्न लागतं. माझी आई गावातल्या कितीतरी लग्नांत चौक लिहायला जायची. त्या दिवशी ती घरी वेगळ्याच आवाजात बोलायची, मला अजून तो आवाज आठवतो. १९७०च्या सुमाराला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले, कागद आणि रंग देऊन त्यांनी लोकांना चित्रं काढायला लावली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ते रेषांचं जग कागदावर नेलं, पुढं त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांचा अभिमान आहे. आमच्या कित्येक घरांत त्यामुळे चूल पेटली. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. पण बायकांच्या हातातली काडी हळूहळू पुरुषांच्या हातात गेली, तिथून दुकानात, तिथून छापखान्यात. आणि आता एका रिसॉर्टच्या न्हाणीघराच्या दारावर मी चौक पाहिला. चारही बाजूंची नक्षी बरोबर, आत देवीही बरोबर, आणि खाली बाणाची खूण, 'जेन्ट्स'.

मी तिथल्या मॅनेजरला सांगितलं, ही देवी आहे. ते मनापासून ओशाळले, म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही." मला पटलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. रंगवणारा पेंटर शहरातून आला होता, पुस्तकातून उतरवून गेला होता. पाड्यावर चौक लिहिणाऱ्या चार म्हाताऱ्या तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर राहतात.

पाहुण्यांची आम्हाला सवय नाही असं नाही. १९९२-९३ साली वावर-वांगणीत पोरं कुपोषणानं गेली तेव्हा जव्हारच्या रस्त्यानं इतक्या गाड्या आल्या, तितक्या तोवर कुणी पाहिल्या नव्हत्या. तेव्हाही कॅमेरे होते. माझी मोठी चुलती सांगते, एका बाईला पोर कडेवर घेऊन दारात उभी राहायला सांगितलं आणि 'असंच उभं राहा' म्हणत राहिले. आज पाहुणे हसरे फोटो मागतात, तेव्हा रडके मागत होते. उभं राहायचं कसं ते सांगणारा दोन्ही वेळेला बाहेरचाच.

२०१२ साली अंदमानातल्या जारवा या आदिवासी जमातीच्या बायकांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर पोचली. सेल्युलर जेल पाहायला अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसांच्या सहलीत बाराटांग बेटाची वाट असते आणि ती जारवांच्या राखीव जंगलातून जाते, म्हणून आपल्याकडेही तेव्हा खूप हळहळ झाली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयालाही त्यात लक्ष घालावं लागलं. मी तेव्हा डीएड करत होते. वसतिगृहात सगळ्या मुली म्हणत होत्या, किती वाईट. मीही म्हणाले. पुढं थर्टी फर्स्टचे फोन यायला लागल्यावर मला ती चित्रफीत पुन्हा आठवली. आमची आणि जारवांची स्थिती सारखी नाही. आम्ही मराठी बोलतो, मत देतो, आमच्यातले तलाठी आहेत, नर्स आहेत, मी शिक्षिका आहे. आम्हाला विचारता येतं. म्हणून न विचारण्याला सबब उरत नाही.

आणि विचारायचं कुणाला, हे कायद्यात लिहिलेलं आहे. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेनं आदिवासींसाठी ठरवलेल्या क्षेत्रात, येतो. अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठी केलेला १९९६चा पेसा कायदा म्हणतो की लोकांच्या परंपरा आणि रूढी, त्यांची सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती यांचं रक्षण आणि जतन करायला ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्रानं २०१४ साली त्याचे नियम केले, त्यांत पाड्यालाही स्वतःचं गाव म्हणून ग्रामसभा मागता येते. मी हे वाक्य मुलांच्या पालकांना तीनदा वाचून दाखवलं. परंपरा, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती. आपल्या जाहिरातपत्रकात विकायला ठेवलेल्या गोष्टी नेमक्या याच तीन आहेत! तारपा, चौक, झरा. ज्यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेचा, त्या ग्रामसभेला न विचारता बाजारात येतात कशा?

पर्यटन विभागाला माझी विनंती आहे. अनुसूचित क्षेत्रात आदिवासी संस्कृतीच्या नावानं चालणारा कोणताही प्रकल्प, महोत्सव, निवासाची नोंदणी, अनुदान मंजूर करताना त्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव कागदांत लावायला सांगा. सरपंचाचा दाखला किंवा ग्रामसेवकाचं पत्र चालणार नाही, ठराव हवा. आणि त्या सभेला बायका किती होत्या ते त्यात लिहिलेलं असावं. ठराव 'नाही' असा आला तर नाही म्हणजे नाही. एवढी एक अट घातली तर पुढचं पुष्कळसं गावंच पाहून घेतील. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत महादेव कोळी लोक स्वतःच्या घरात पाहुणे ठेवतात, भाकरी खाऊ घालतात, काजवे दाखवतात. तिथंही अडचणी असतील, पण पाहुणा तिथं यजमानाच्या घरात उतरतो. आमच्याकडे आम्हीच पाहुण्याच्या अंगणात जातो आणि आत जाण्याआधी गेटवर आमचं नाव लिहून घेतात.

मालक मंडळींना माझं सांगणं जास्त साधं आहे. मुलं मागू नका, कधीच. शाळेला काही द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीला द्या, पावती घ्या आणि विसरून जा. पथकाशी बोलायचं तर पथकाशीच बोला, दर त्यांना बोलू द्या, आणि पैसे नाचणाऱ्याच्या हातात द्या, बाईचे बाईच्या हातात. खुर्च्या गोल मांडा. भिंत रंगवायची असेल तर आधी पाड्यावर या. कोणती चित्रं घेता येतील ते आमच्या म्हाताऱ्या सांगतील, रान, शेत, बैल, नाच, पुष्कळ आहे. देवी मिळणार नाही. 'आदिवासी थाळी' वाढता त्यातली शेवळ्याची रानभाजी आणि करांद्याचे कंद आमच्या बायका रानातून आणून विकतात. शेवळ्याची खाज मारायला काकडं ही आंबट रानफळं लागतात, तीही त्याच शोधून आणतात. दिवसभराची पायपीट असते, तेव्हा पाटीमागे भाव पाडून घेऊ नका. झऱ्याचं तोंड मोकळं सोडा.

आणि तारपकरी आज नको म्हणाले तर त्यांना टाकी दाखवू नका.

पाहुण्यांना मी वेगळं काही लिहीत नाही. बरेचसे चांगले असतात. मागच्या पावसाळ्यात ठाण्याचं एक कुटुंब वाट चुकून आमच्या शाळेत आलं होतं. दोन तास पडवीत बसले, पोरांना गोष्टी सांगितल्या, नाचणीची भाकरी खाल्ली. निघताना त्यांच्या मुलीनं विचारलं, "इथं फोटो काढला तर चालेल?" चौथीतल्या माझ्या एका मुलीनं थोडा विचार केला आणि सांगितलं, "माझा नको. शाळेचा काढ." तिनं शाळेचा काढला.

आमची पुढची ग्रामसभा शाळेच्याच पडवीत आहे, सकाळी अकरा वाजता. विभागातल्या अधिकाऱ्यांनी यावं, मालकांनीही यावं, माझ्याशी बोललेल्या त्या मॅनेजरनी तर नक्कीच यावं. प्रस्ताव लिहून आणा, आम्ही मोठ्यानं वाचू आणि ज्यांना मराठी नीट येत नाही त्यांना वारलीत सांगू. खुर्च्या नाहीत, सगळ्यांनाच जमिनीवर बसावं लागेल. पाणी सोबत आणा, टाक्या सध्या कोरड्या आहेत.

आपली,
एक वारली शिक्षिका
ता. जव्हार, जि. पालघर